अजून शिजूक नाय

बाबी परब गिटारला हात लावण्यापूर्वी अँप्लिफायरपुढे नारळ ठेवतो आणि देवाला गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे आमच्याकडे लग्नाला घालतात, नव्या होडीला घालतात, म्हैस व्यायला झाली तरी घालतात. एकाने हात जोडून मागणे मांडायचे आणि प्रत्येक मागण्याला इतरांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, एवढाच विधी. रॉक संगीताला गाऱ्हाणे घालणारा मनुष्य मात्र मी एकच पाहिला.

"बा देवा म्हाराजा, आज लाईट जाव नये, तार तुटा नये, आणि पीटराचा बोट खंय घसारला तर ता मुद्दाम केल्यासारख्या वाटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या होकाराच्या बाबतीत बाबी फार कडक आहे. मागणे पूर्ण झाल्यावरच तो यायला हवा, आणि ठेक्यावर पडायला हवा. ड्रम वाजवणारा गिरीश नेहमी घाई करतो. त्याला ठरलेली तंबी मिळते, "मेल्या, देवाक वाक्य तरी पुरा ऐकाक दी!"

बाबी माझा शेजारी. वय पंचेचाळिशीचे. संसार केला नाही; आई गेल्यापासून घरात एकटाच. पाण्याचे पंप दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय, आणि 'खाजण' हा त्याचा बँड. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. भरतीला तिच्यावर मासे फिरतात, ओहोटीला गुरे. ना धड समुद्र, ना धड शेत. नाव योग्य आहे.

'खाजण'चा पहिला अल्बम माझ्या मांगरात तयार झाला. आंब्याच्या पेट्या भरण्यासाठी बांधलेले हे कौलारू खोपटे हंगामाखेरीज रिकामे असते. मी न्यायालयात नाझर होतो. संगीताशी माझा संबंध नाही. दिवाळीनंतर मांगर दिला तो एकाच अटीवर: पहिला आंबा उतरला की मांगर मोकळा हवा.

तंटा पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. बास गिटार वाजवणाऱ्या पीटरचे म्हणणे असे की गाण्याला मुखडा असावा, अंतरा असावा, आणि ऐकणाऱ्याला घरी जाताना ते गुणगुणता यावे. बाबीला हे मान्य होते. फक्त त्याआधी त्याला आणखी काही करून पाहायचे होते. त्याने माझ्या विहिरीत माइक सोडला. गिटारची एक तार काढून तिथे मासे गरवण्याचा नायलॉनचा तंगूस लावला. त्यातून निघालेल्या आवाजाने माझे मांजर दोन दिवस घरी आले नाही. हे सगळे झाल्यावर तो डोळे मिटून ऐके आणि निकाल देई, "अजून शिजूक नाय."

"अरे, शिजतला कधी?" पीटर विचारी. "लोक उपाशी मरतले!"

"कच्च्या वाढूचा नाय, पीटर."

एकदा बाबीने एका गाण्याच्या मध्यावर सर्व वाद्ये थांबवून नुसते बोलायचे ठरवले. बोलणे समुद्राला उद्देशून होते. बाहेर फणसाखाली आमचे सुतार पेट्यांना खिळे मारत होते. त्यांना हातोडे थांबवायला सांगितले होते. बाबी गंभीर आवाजात म्हणाला, "जां व्हावान गेला, तां परत हाडून दी." क्षणभर शांतता. मग बाहेरून सगळे सुतार एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

पीटरने कपाळावर हात मारला. बाबी मात्र हर्षाने बाहेर धावला. "परत एकदा म्हणा! हुबेहूब तसाच!"

थोरला सुतार हात जोडूनच बसला होता. "एकदा म्हटला ना? देवाक एकाच कामासाठी दोनदा कित्याक त्रास देतंस?"

रेकॉर्डिंगमध्ये तो पहिलाच होकार राहिला. त्याच्यामागून पीटरने आपला मुखडा परत आणला. तो तिथे इतका चपखल बसला की दोघांनीही ते आपणच सुचवले असे सांगण्यास सुरुवात केली. मला ते गाणे बरे वाटले. मी तसे बोललो नाही.

अशी एकेक करून गाणी पुरी झाली. शेवटचे तेवढे राहिले. गिरीशला बोटीवर इंजिनाच्या कामाची नोकरी मिळाली होती. पीटरला गोव्यातल्या एका हॉटेलात रोज वाजवायचे काम होते. अल्बम संपला की निघायचे, असे दोघांनी ठरवले होते. आंबा मोठा होत चालला, आणि बाबीचे शेवटचे गाणे काही येईना. तो नवनवे आवाज आणी, ऐके, आणि मान हलवी. "अजून शिजूक नाय."

एके सकाळी मी कुंपणापाशी उभा होतो. पलीकडे बाबी सुपारीच्या बागेला पंपाने पाणी लावत होता आणि गात होता. साधे गाणे. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. एकही शब्द अडला नाही. रोजच्या सवयीचे गाणे मनुष्य गातो तसे तो ते गात होता.

"बाबी, ह्या शेवटचा गाणा काय रे?"

तो दचकला. "व्हय, काकानू. पण अजून शिजूक नाय."

"शिजलां. आता करपतलां."

त्याने पंप बंद केला.

"शिजलां, तर पंगत उठतली मा, काकानू."

साक्षीदाराने एवढे सांगितल्यावर उलटतपासणी घ्यायची नसते. मी घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याने ते गाणे मांगरात गायले. एक गिटार, मागे पंपाचा संथ ठोका, आणखी काही नाही. पीटरने मुखड्याबद्दल तक्रार केली नाही आणि बाबीने शिजण्याबद्दल. गाणे एकदाच वाजवले. पुन्हा वाजवण्याची गरज नव्हती.

मग बाबीने अँप्लिफायरपुढचा नारळ उचलून माझ्या हातात दिला. शेवटचे गाऱ्हाणे वडीलधाऱ्याने घालावे, अशी पद्धत आहे. मी असल्या गोष्टींत बोलत नाही. तरी उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी जां काय शिजवला, तां गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!" तिघेही ठेक्यावर.

"कोण बोटीर जायत, कोण गोंयाक जायत. जंय जातीत थंय त्यांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुढच्या दिवाळीक, भरतेच्या पाण्याबरोबर, तिघांकव ह्याच मांगरात परत..."

"व्हय म्हाराजा!"

माझे वाक्य संपले नव्हते. तो एकट्या बाबीचा आवाज होता.

गिरीशने त्याच्याकडे पाहिले. देवाला वाक्य पुरे ऐकू दे, असे त्याला सांगायला गिरीशला ही संधी होती. ती त्याने सोडून दिली. मी वाक्य पुरे केले, आणि नारळ फोडला.