मास्तरांच्या कमरेचं माप

डॉक्टरांनी पोटाभोवती टेप गुंडाळली, तेव्हाच टेलरमास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर जगाची मापं घेतलेल्या माणसाचं माप परक्यानं घ्यावं, हेच मुळात त्यांना रुचलं नव्हतं.

"मास्तर, हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी पोटावर. हीच वाईट! रक्त दाट होतं, वाहायला जड जातं, मग सगळा भार हृदयावर. घेर वाढलाय तुमचा, रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतोय."

"छे! ही पँट किती जुनी आहे. अजून बटण लागतं."

"मग माझं बघा," डॉक्टर पोटावरून हात फिरवत म्हणाले, "लग्नातली पँट अजून होते!"

मास्तर मनातल्या मनात हसले. ती पँट दुरुस्तीला आली की तेच गुपचूप तिची कंबर सैल करून देत. पोट सुटल्याचं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा नेम होता. ज्याला स्वतःचं पोट कळत नाही, त्याला माझं काय कळणार?

घरी येऊन त्यांनी स्वतःची टेप लावली. माप डॉक्टरांच्या टेपेइतकंच निघालं. टेप आटली असेल म्हणून ती लोखंडी पट्टीवर ताणून पाहिली, तर चोख. मग रक्त तपासणाऱ्यावर संशय गेला. त्यानं नक्की दुसऱ्याच कुणाचं रक्त आपल्या नावावर खपवलं असणार!

"माणूस खोटं बोलेल, पँट बोलणार नाही," ते बायकोला म्हणाले.

एरवी एका वाक्याला दहा ऐकवणारी बायको गप्प राहिली. आता मात्र मास्तर चपापले. त्यांनी पँट उतरवून उलटी केली. मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, एकदा नाही, कितीतरी वेळा.

"हे कोणी केलं?"

"मी."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"तुमचीच शिकवण! तोंडावर सांगितलं की गिऱ्हाईक तुटतं." तिनं पँट हातात घेतली. "आणि मला तर हे एकच गिऱ्हाईक आहे. आता शिवणीत कापडही उरलं नाही हो. पुढं काय सैल करू?"

मास्तरांना पहिल्यांदाच भीती वाटली. मग दुकानात जाऊन त्यांनी बटण लावायला आलेली डॉक्टरांची पँट काढली, सगळी वाढीव कंबर उसवली आणि लग्नातल्या मापावर घट्ट शिवून, चालतच जाऊन पोचती केली.

संध्याकाळी फोन आला. "मास्तर, ही पँट आटली की काय?"

"पँट ठीक आहे, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी फिरायला निघतोय. तुम्हीही चला."