जनूकाकांची पावलं

जनूकाका संगणकाला ‘तुमी’ म्हणतात आणि आमच्या साहेबांना ‘तू’. कारण विचारलं तर म्हणतात, “त्याला मी शिकवलंय. यांच्याकडून मी शिकतोय.”

खांदा कॉलनीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात साठीचे जनूकाका ड्राफ्ट्समन आहेत आणि मी शेजारच्या टेबलावरची ज्युनियर. दिवसभर आम्ही उलव्यातल्या इमारतींचे नकाशे काढतो. गेल्या वर्षी काकांनी ठरवलं, कॅडमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेघ न् रेघ हाताने मारण्यापेक्षा प्रोग्राम लिहायला शिकायचं. आकडे दिले की नकाशा आपोआप.

माझा तत्त्वतः विरोध होता. आमचं घर चळवळीतलं; पाळण्यात खुळखुळ्याच्या आधी पत्रक आलं असावं. ‘यंत्रा, आमचे हात परत दे!’ असं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं आणि ऑफिसच्याच प्रिंटरवर, एक कळ दाबून, पन्नास प्रती काढल्या. काकांनी एक घेतली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर प्रोग्राम लिहायला बसले.

“कागद चांगला हाय पोरी. अशीच लिवत जा.”

त्या प्रोग्रामात कंसच कंस. उघडलेला प्रत्येक कंस बंद करायचा. काका त्याला ‘दार लावणं’ म्हणतात. एक राहिला की सगळं ठप्प. मग बोटांवर मोजणी. “पाच उघडली, चार लावली. कुत्रा शिरला बघ आत!” तो कुत्रा शेवटी मीच शोधून द्यायचे. यंत्राविरुद्धच्या लढ्यात माझं योगदान एवढंच.

हे सगळं कशासाठी, ते मला उशिरा कळलं. काकांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं. तिथल्या घरांचे नकाशे कधी कुणी काढलेच नव्हते. म्हणून काका पांगलेल्या गावकऱ्यांना गाठून विचारत, “ओटीपासून चुलीपर्यंत किती पावलं?” आकडे टाकले की घर पडद्यावर. विस्थापितांवर मी तीन जळजळीत पत्रकं लिहिली होती. तुमची चूल कुठे होती, हे एकालाही विचारलं नव्हतं.

पहिलं घर त्याच गावातल्या बायजाकाकींचं. ते बघायला त्या मुद्दाम ऑफिसात आल्या.

“जनू, हे माझं सैपाकघर का लग्नाचा हॉल?”

काकांनी प्रोग्रामात स्वतःचं ढांगभर पाऊल धरलं होतं. काकी तर चिमणीच्या चालीच्या. लगेच त्यांना फरशीवर चालवलं, मी टेप धरली. तेव्हापासून प्रोग्राम आधी विचारतो : पाऊल केवढं?

परवा काकांनी गावातलं स्वतःचं घर काढायला घेतलं. ओटी, माजघर, चूल भराभर झालं. चुलीपासून विहीर?

“एकशे वीस.”

प्रोग्रामने विचारलं : पाऊल केवढं? काका माझ्याकडे वळले.

“ही पावलं मालतीची. पाणी तीच आणायची. रोज सुनावायची, एकशे वीस पावलं हायत, दारात नळ कधी घेणार? मी एकदाबी मोजली नाय.”

काकांच्या बायकोला, मालतीकाकींना, जाऊन चार वर्षं झाली.

“अंदाजे दोन फूट टाका,” मी म्हटलं.

“अंदाजे नाय.”

काका उठले. “बाजारात मी पुढं, ती मागं. माझी दोन होईपर्यंत तिची तीन. ‘जरा हलू चाला की’ म्हणायची.” टेबलांच्या मधून ते दोन पावलं चालले आणि मागे वळून पाहिलं. मी टेप लावली, तिनाने भागलं, आकडा टाकला.

पडद्यावर विहीर दिसेना. काकांनी चित्र लहान केलं, आणखी लहान केलं. घर काडेपेटीएवढं झालं, तेव्हा कुठे पार टोकाला विहीर आली.

“लांब होती की गं,” काका म्हणाले. “मला वाटायचं, दारातच हाय.”

बायकांच्या श्रमांवरचं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळलं.

काकांनी चष्मा पुसला. मग माउस धरला आणि चुलीशेजारी, प्रोग्रामला न विचारता, हाताने एक नळ काढला.