पाणी एकसष्ट

लखनौला दर रविवारी सकाळी गोमती नदीचा ताप मोजला जात असे, आणि तो मोजणारा माणूस माझा शेजारी होता. खानझोडेसाहेब मूळचे नागपूरचे. रेल्वेत इंजिनांच्या कामावर जन्म काढून निवृत्त झालेले. कानटोपी घालून घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवे बसायचे, सुतळीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचे आणि घड्याळावर तीन मिनिटं मोजायचे. त्या तीन मिनिटांत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. पाणी बिचकतं, असं त्यांचं मत असावं.

"का साहेब, गोमती मइया का बुखार आवा है?" रामआसरे मल्लाह आपल्या नावेतून दर वेळी विचारायचा. दर वेळी त्याला उत्तर मिळत नसे.

पहिला थर्मामीटर मी पुरवला होता, ही गोष्ट मी बँकेत कुणाला सांगितलेली नाही. घरातलाच, जिभेखाली धरायचा. डिसेंबरातल्या गोमतीत तो दहा मिनिटं बुडवून आम्ही दोन प्रौढ माणसं पाऱ्याकडे बघत बसलो. पारा पहिल्या रेघेला शिवायला तयार नाही. "मोकाशी," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या ह्या यंत्राच्या हिशोबानं नदी केव्हाच मेली बाप्पा." पुढे त्यांनी हजरतगंजातल्या एका फोटोवाल्याकडून फोटो धुण्याच्या पाण्यात बुडवायचा, फॅरनहाइटच्या रेघांचा थर्मामीटर पैदा केला. माझा आमच्या घरात पुन्हा कुणी तोंडात घेतला नाही.

हा सगळा उद्योग सुरू झाला तो एका पार्सलमुळे. साहेबांची एकुलती एक लेक सुजाता शिकायला म्हणून मिनेसोटाला गेली आणि तिथे तिने पीटर नावाच्या मुलाशी लग्न केलं. साहेबांनी आशीर्वादाची तारसुद्धा पाठवली नाही. दर रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, वहिनी बोलायच्या आणि साहेब बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. दोन वर्षं त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. हे आम्हा लखनौच्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. गणपतीत भेटेल तो त्यांना सल्ला द्यायचा. मी दोनदा दिला.

अशात त्या पीटरने एका ओळखीच्याबरोबर मासे पकडायचं सामान पाठवलं. जोडून लांब करायची काठी, आमिषांची पेटी, गळाची दोरी गुंडाळायची दोन रिळं आणि एक पुस्तिका. साहेब ते आल्या पावली परत पाठवणार, अशी माझी खात्री होती. पण रिळांच्या आत गिअर होते. रेल्वेच्या माणसाला दात असलेलं चाक परत पाठवता येत नाही.

एका रिळाची मूठ एकदा फिरवली की आतली फिरकी पाच वेळा फिरायची, दुसऱ्याची सात वेळा. "ही मालगाडी," साहेब पहिल्याला हात लावून सांगायचे, "आणि ही मेल." तळहाताएवढी पितळी पाती भिरभिरवणारं आमिष ओढायचं तर पाणी अडवतं, जोर लागतो, म्हणून तिथे मालगाडी. हातभर लाकडी मासा झटके देत नाचवायचा आणि मध्ये सैल पडलेली दोरी चटकन गोळा करायची, तर मेल. शिवाय थंड पाण्यात मासा सुस्त, तेव्हा हळू ओढा. पाणी तापू लागलं की मासा चपळ, वेग वाढवा. ऐंशीच्या वर गेलं तर गळ टाकूच नका, कारण दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो.

हे सगळं मस्की नावाच्या अमेरिकन माशासाठी होतं. तो तिकडच्या थंड तळ्यांत राहतो, माणसाच्या कमरेएवढा वाढतो आणि हजारो वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागतो, तेही त्याची मर्जी असली तर.

"साहेब, गोमतीत मस्की नाही," मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"माहीत आहे ना."

"आणि तुम्ही तर अंडंही खात नाही."

"मी कुठं खाऊन राहिलो? आधी पाणी, मग वेग."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. रिक्षावाल्याशी बोलताना, वहिनींच्या कुकरसमोर, सगळीकडे आधी पाणी, मग वेग. माझ्या बढतीच्या वेळीही त्यांनी हाच मंत्र दिला. वरिष्ठांच्या दारात घुसू नका, तीन मिनिटं थांबून अंदाज घ्या. मी थांबलो. वरिष्ठ मागच्या दाराने जेवायला निघून गेले.

उन्हाळ्यात सगळं लखनौ मलिहाबादच्या बागांमध्ये दशहरी आंबे चोखायला जायचं, तेव्हाही साहेब घाटावरच. थर्मामीटर नव्वदीकडे सरकलेला. गळ टाकायचा नाही, नुसता आकडा पाहायचा आणि घरी. मात्र हिवाळ्यात सोमवारी सकाळी जिन्यात भेटले की नवा हुकूम तयार असायचा. "पुढच्या रविवारी मालगाडीच, पण अर्ध्या वेगानं. मध्ये मध्ये थांबायचं." इतक्या पातळ पुस्तिकेत दर आठवड्याला नवं काय सापडतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मुठीचे फेरे मोजण्यात गुंतलेलो होतो. ते काम माझं होतं. मी मोठ्याने मोजायचो, आणि घाटावर आंघोळीला येणारे लोक मला "गिनतीवाले बाबूजी" म्हणू लागले होते.

दोन हिवाळे एकही मासा लागला नाही. मला साहेबांची दया आली. माझी दया ही नेहमीच इतरांना महागात पडते.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका रविवारी मी रामआसरेला फितवलं. साहेब गळ टाकून, काठी माझ्या हाती देऊन पायऱ्यांवर चष्मा पुसायला बसले. तेवढ्यात रामआसरेने नाव सरकवली, दोरी वर उचलली आणि आपल्या जाळ्यातली एक जिवंत रोहू त्या लाकडी माशाच्या गळाला अडकवून पाण्यात सोडली. काठी वाकली.

"साहेब, लागला," मी म्हणालो. आवाजात मी जमेल तेवढं आश्चर्य ओतलं.

साहेब धावत आले. काठी घेतली. पण त्यांचा चेहरा पाहून मी मोजायचं विसरलो. ज्याची दोन वर्षं वाट पाहिली तो क्षण हातात आलेला, आणि माणूस पांढराफटक पडलेला. मूठ फिरवत होते ती अशी, की मासा सुटला तर बरं. घाटावरचे लोक टाळ्या वाजवत होते. "लागायला नको होता," ते स्वतःशीच पुटपुटले.

रोहू पायरीशी आली. साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"मोकाशी, रोहू शेवाळ खाते. माझ्यासारखी शाकाहारी आहे ती. हा लाकडी मासा ती काऊन धरेल? आणि धरला तर पाठीनं धरेल?"

मी नदीकडे पाहिलं. रामआसरे दुसऱ्या काठाकडे पाहत होता. साहेबांनी गळ काढून रोहू हलकेच पाण्यात सोडली, तेव्हा मात्र त्याला कंठ फुटला. "अरे साहेब, ऊ तो हमार मछली रही."

मग साहेबांनी थर्मामीटर पुन्हा पाण्यात सोडला आणि तीन मिनिटं माझ्याशी न बोलण्याचं त्यांना अधिकृत कारण मिळालं.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. वहिनी फोनवर होत्या, मला त्यांनी खुणेनेच बसवलं. साहेब बाल्कनीत पाठ करून उभे होते. मी तोंड उघडणार, तोच ते बाहेरूनच म्हणाले, "सांग. पाणी एकसष्ट. लागला नाही."

वहिनींनी फोनमध्ये सांगितलं, "पाणी एकसष्ट. लागला नाही म्हणतात." थोडा वेळ ऐकलं. मग बाल्कनीकडे तोंड करून म्हणाल्या, "पीटर विचारतो, कोणतं रीळ होतं?"

"मेल. विचार त्याला, आता काय करू?"

दोन वर्षं सोमवारचे जे हुकूम मी पुस्तिकेतले समजत होतो, ते या फोनवरून येत होते. सकाळी खरंच मासा लागला असता तर रविवारी फोनवर विचारायला काही उरलंच नसतं.

वहिनी पुन्हा ऐकत होत्या. या वेळी बराच वेळ. मग त्यांनी रिसीव्हर कानापासून काढला आणि वायर ताणून बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्या.

"ती म्हणते, तुम्हीच विचारा."

साहेब हलले नाहीत. मी मनातल्या मनात मोजायला लागलो, सवयीने. तीन मिनिटं नसतील झाली, पण मला तितकी वाटली. मग त्यांनी कानटोपी काढली, रिसीव्हर घेतला आणि घसा साफ केला.

"पाणी एकसष्ट आहे," ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. टोपी दुसऱ्या हातात चुरगळत होती.

"हो," ते म्हणाले. "हो, बेटा. स्वेटर घातला होता."