तेवीस फुल्या

खुणा कशा कराव्यात, हे मला कोणी शिकवू नये! पंचवीस वर्षं मी नकाशा कार्यालयात रेघा मारतोय. माझी रेघ वाकडी आहे असं साहेब एकदाच म्हणाले होते. नंतर कळलं, त्यांचा चष्माच वाकडा बसला होता. तेव्हा "मुलांच्या हाईकची वाट आखायला कोण जाईल?" असं सरांनी विचारल्यावर मी लगेच हात वर केला, यात माझं काही चुकलं असं मला त्या वेळी मुळीच वाटलं नाही.

सर म्हणजे शाळेच्या स्काऊट पथकाचे सर. अडतीस वर्षं पथक चालवतायत. मीही त्यांच्याच हाताखालून गेलो, आणि अजून त्यांच्यासमोर उभं राहिलो की शर्टाचं वरचं बटण आपोआप लावतो. यंदा शाळेने त्यांना बजावलं होतं : चार मुलांनी हाईकचा बॅज मिळवला तर पथक राहील, नाही तर पथकाची खोली मोडकी बाकं ठेवायला जाईल. आणि पथकात मुलं उरली होती मोजून चार! एक जरी गळलं तरी खेळ खलास.

"खडूने खुणा कर," सर म्हणाले. "चुकीच्या वाटेच्या तोंडाशी जे झाड असेल, त्यावर फुली. इकडे जायचं नाही, एवढं मुलांना कळतं."

"खडू?" मी हसलो. "दव पडलं की खडू गेला, सर! माझ्याकडे त्याहून भारी वस्तू आहे."

भारी वस्तू म्हणजे तांबड्या तैलरंगाचा डबा. बायकोने तो घराचं फाटक रंगवायला आणला होता आणि तो वर्षभर माझी वाट बघत जिन्याखाली बसला होता. झाकणावर ठळक छापलं होतं, 'दहा वर्षं रंग जाणार नाही. हमी.'

"बघ बाबा," सर म्हणाले. सरांचं 'बघ बाबा' मी आयुष्यात कधी नीट ऐकलेलं नाही.

गुरुवारी रजा टाकली आणि गावाबाहेरच्या रानात गेलो. तेवीस ठिकाणी वाट फुटत होती, तेवीस फुल्या मारल्या. नुसत्या फुल्या नव्हेत! प्रत्येकीचे दोन्ही पाय सारख्या मापाचे, टेप लावून. शेवटची फुली मारली सरांच्या झाडावर.

सरांचं झाड म्हणजे चौघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असं जुनं झाड. पथकाचं पहिलं शिबिर त्याच्या सावलीत झालं. सर आणि बाई लग्नाआधी तिथेच बसून डबा खायचे, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होतं. बाई गेल्या, तेव्हापासून सर वर्षातून एकदाच तिथे जातात, बॅज द्यायच्या दिवशी. पण झाडाच्या मागून एक वाट जुन्या खाणीकडे जाते, आणि खाणीत पाणी आहे. पोरं चुकून तिकडे गेली तर? म्हणून मी तिथे माझ्या उंचीएवढी फुली मारली, पार मुळापर्यंत. त्या रात्री मला शांत झोप लागली.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. पुढे चार मुलं. संघनायिका माझी भाची, वय बारा, स्वभाव पन्नाशीतल्या मुख्याध्यापिकेचा. तिच्यामागे बटाटा, म्हणजे दर अर्ध्या तासाने डबा उघडणारा मुलगा. मग शिट्टी, त्याच्या तोंडात कायम शिट्टी. शेवटी वकील. वकिलाच्या खिशात नियमांची वही असते आणि तो ती झोपतानाही काढत नाही, असं त्याची आई सांगते.

"मामा, नियम ऐका," वकील म्हणाला. "तुम्ही मागून चालायचं. वाट दाखवणारा एक शब्द जरी बोललात, तरी हाईक रद्द. चौघांचीही!"

"तोंडाला कुलूप!" मी म्हणालो.

"हे शेवटचं," भाची म्हणाली.

पहिल्या फाट्यावर मी मनातल्या मनात हात चोळत उभा राहिलो. आता पोरं फुली बघणार आणि थक्क होणार!

फुली नव्हती. फुली नव्हती कारण झाड नव्हतं. जमिनीलगत ताजा बुंधा होता, आणि त्याच्याभोवती भुसा.

"खूण नाही," भाची म्हणाली. "मग दोन्ही वाटा चालतील." आणि चौघंही खुशाल चुकीच्या वाटेने निघाली! मी तोंड उघडलं. वकिलाने खिशात हात घातला. मी तोंड मिटलं.

ती वाट एका डबक्यात संपली. परत यायला पाऊण तास गेला. एक वाजायच्या आत झऱ्यावर पोचायचं होतं. तिथे सर बॅज घेऊन बसणार होते. दुसऱ्या फाट्यावर पुन्हा बुंधा. तिसऱ्यावरही. मी फुली मारलेली झाडं, नेमकी तेवढीच, कोणीतरी वेचून नेल्यासारखी नाहीशी झाली होती.

चौथ्या फाट्यावर करवतीचा आवाज आला. लाकूडतोड्यांची टोळी ओंडके रचत होती. मुकादम बाजूला चहा पीत होता.

"काका, ही झाडं का तोडली?" भाचीने विचारलं.

"ठेका आहे, बाळ. तांबडी फुली असेल ते झाड पाडायचं," मुकादम म्हणाला. "खुणा करणारा माणूस येणार येणार म्हणून आम्ही आठवडाभर बसून होतो. शुक्रवारी येऊन बघतो तर सगळ्या खुणा तयार! आणि काय फुली मारलीय! एरवी ते ठिपका लावून जातात, आम्ही शोधत बसतो. हा माणूस सोन्यासारखा! भेटला तर हात जोडीन म्हणतो."

त्याने माझ्याकडे बघून स्मित केलं. मीही केलं. दुसरं काय करणार? बोलायला बंदी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या बंदीचा आधार वाटला.

भाची मात्र माझ्या कानामागे बघत होती. तिथे, मला रात्री आंघोळ करूनही न दिसलेला, तांबडा डाग होता. लहानपणी मी ताईची वही फाडली, तेव्हा ताईने माझ्याकडे जसं बघितलं होतं, अगदी तसं तिच्या लेकीने बघितलं. मग ती शांतपणे मुलांकडे वळली.

"फुली असलेलं झाड तोडतात. म्हणजे ताजा बुंधा दिसला, की तिकडे जायचं नाही. चला."

त्यापुढे पोरं वाऱ्यासारखी सुटली. बुंधा दिसला की शिट्टी वाजायची, बटाटा ओरडायचा, "इकडे नाही!" आणि वकील वहीत आकडा टाकायचा. नऊ. चौदा. एकोणीस. तो प्रत्येक आकडा माझ्या कानफटात बसत होता. आणि एकच विचार डोक्यात घुमत होता : मुकादमाने ते मोठं झाड कशाला पाडलं असेल? एवढं जुनं झाड बघून माणूस विचारेल ना कोणाला? थांबेल ना?

"बावीस," वकील म्हणाला.

शेवटच्या वळणावर नेहमी सावली लागते. त्या दिवशी ऊन लागलं. समोर नुसतं आभाळ. रानाचा दात पडावा तशी ती जागा उघडी पडली होती.

"झाड!" मी किंचाळलो, धावलो, फांदीत पाय अडकला आणि तोंडावर आपटलो. घोट्यातून कटकन आवाज आला.

पोरं धावत आली. मला वाटलं, आता पाणी देतील. पण वकिलाने वही काढली!

"मामा बोलले. हाईक रद्द होते का ते आधी बघावं लागेल."

"अरे, माझा पाय—"

"थांबा मामा, आणखी बोलू नका! नियम म्हणतो, वाट दाखवणारा शब्द. 'झाड' म्हटल्याने वाट दिसते का?"

"झाड कुठाय?" बटाट्याने विचारलं.

"बरोबर! झाडच नाही. नसलेली वस्तू वाट दाखवू शकत नाही. हाईक चालू!" वकिलाने वही मिटली. "आता पाय बघू."

दोन लाठ्या, दोन शर्ट. पाच मिनिटांत झोळी तयार झाली. मला उचलताना बटाटा एवढंच म्हणाला, की मी दिसतो त्याहून जड आहे.

एकला दहा मिनिटं कमी असताना आम्ही झऱ्यावर पोचलो. सर पलीकडच्या गाडीरस्त्याने येऊन बसले होते. खाकी गणवेश, कडक इस्त्री, मांडीवर बॅजची डबी. चार मुलं बघून त्यांचे डोळे भरून आले. झोळीतला पाचवा त्यांनी नंतर बघितला.

"चौघंही!" ते म्हणाले. "राहिलं रे आपलं पथक! चला, आता आपल्या झाडाखाली. बॅज तिथेच."

शिट्टीने तोंडातली शिट्टी काढली. मी ती त्याच्या तोंडाबाहेर पहिल्यांदा बघितली.

"इथेच द्या ना, सर," भाची म्हणाली.

"छे! अडतीस वर्षांत कधी दिलाय इथे?" सर काठी टेकत निघालेसुद्धा. मागून आमची वरात. झोळीत आडवा पडून मी आभाळ बघत होतो, आणि ते आभाळ हळूहळू मोठं मोठं होत गेलं.

सर थांबले. मग पुढे जाऊन त्या बुंध्यावर सावकाश टेकले. फुलीचा एक पाय कापलेल्या कडेखाली मुळापर्यंत तसाच राहिला होता, लालभडक.

"सर, फुली मी मारली," मी म्हणालो. त्यात बहाणा घालायला मला कुठे जागाच सापडली नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंगठा त्या तांबड्या रेघेवरून फिरवला, मग नखाने खरवडून बघितलं.

"दोन्ही रेघा सारख्या मापाच्या होत्या का?"

"हो, सर."

"असणारच. तू लहानपणापासून नीटनेटका." त्यांनी मांडीवरचा भुसा झटकला. "बाईंना दाखवायला पाहिजे होतं."

मग ते उठले, गणवेश सारखा केला, आणि चारही मुलांना रांगेत उभं करून एकेकाच्या खिशावर बॅज लावला. एकही बॅज वाकडा लागला नाही. मला मात्र शिक्षा सांगितली : तेवीस रोपं, दर रविवारी पाणी.

पाय बरा झाल्यापासून ती शिक्षा चालू आहे. तेवीसपैकी सात जगली. सर येतात, बुंध्यावर बसतात, मी पाणी घालतो. आमचं फार बोलणं होत नाही. पथकात आता अकरा मुलं आहेत आणि वाट खडूने आखतात, मला न विचारता. घरचं फाटक अजून गंजलेलंच आहे. बायको विचारते, तेव्हा मी डबा संपला म्हणून सांगतो.

बुंध्यावरची रेघ तेवढी तशीच आहे. ऊन झालं, पाऊस झाला, मी स्वतः दोनदा घासून बघितली. हमी खरी निघाली! दोन वर्षं झालीत. अजून आठ बाकी आहेत.