गणू मेस्त्रींचं काचघर

हवेतला दमटपणा मोजायला आमच्या रिफायनरीत महागडी यंत्रं होती. गणू मेस्त्रींकडे पोह्याचा पापड होता.

कुवेतच्या महबूला भागात आमच्या इमारतीला लागून अबू सालेम या कुवेती गृहस्थांचा बंगला होता. बंगल्याच्या मागे नुसत्या लाकडाची आणि काचेची एक खोली, आत झाडांच्या कुंड्या. हे काचघर सांभाळायला कुडाळकडचे गणू मेस्त्री बारा वर्षं त्याच आवारात एकटे राहत होते.

पापड काचघराच्या मधोमध दोऱ्याला टांगलेला असे. रोज सकाळी मेस्त्री तो दोन बोटांनी दाबून बघत. मऊ लागला की पंखे लावत, कडक लागला की पाण्याच्या बादल्या भरून ठेवत. मी एकदा हौसेने कचेरीतलं यंत्र नेलं. यंत्राचं आणि पापडाचं एकमत झालं.

"यंत्राचो सेल संपता, सायबानू," मेस्त्री म्हणाले. "पापडाचो काय संपता?"

अबू सालेमना तो काहीतरी दृष्टीचा तोडगा वाटायचा. ते अदबीने वाकून पापडाखालून जात.

लाकडाबद्दल मेस्त्री घरच्या माणसांसारखं बोलत. "थोरलो दरवाजो आज फुगलोहा. धाकल्या खिडकेक तेल व्हया." फुगलेल्या दाराला मी एकदा खांदा लावला, तर असे खेकसले की माझा साहेबपणा जागच्या जागी उतरला.

मग त्यांच्या लेकीचं, शुभांगीचं, लग्न मे महिन्यात ठरलं आणि मेस्त्रींचं तोंड उतरलं. मला वाटलं, रजेची अडचण असेल. रजा तर अबू सालेमनी मागताक्षणी दिली होती, वर विमानाचं तिकीटही.

"मे म्हयन्यात लाकूड तडकता, सायबानू. माझ्या पाठसून कोण बघतला?"

"मी बघतो," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सुस्कारा सोडला आणि तीन दिवस माझी शिकवणी घेतली. रिफायनरीत माझ्या हाताखाली वीस माणसं होती. इथे मला तेलाचं फडकंसुद्धा धड पिळता येत नाही असं ठरलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"सायबानू, थोरलो दरवाजो कसो आसा?"

"अहो मेस्त्री, आज लग्न ना तुमच्याकडे?"

"लागला. आता पाठवणी. मी मांडवासमोरच्या फोनच्या बूथवर इलंय. दरवाज्याचा सांगा."

धन्य आहे या माणसाची! चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं, तोच पलीकडून एक हुंदका आला.

"माझा चेडू गाडयेत बसताहा. तिका काय सांगू? बारा वर्सां मी घरात वर्साक म्हयन्याभराचो पावणो. लाकडाचा सगळा समाजता माका, तिचा कायच नाय."

माझ्या दोन मुली रोज संध्याकाळी माझं डोकं खातात म्हणून मी कुरकुरत असे, त्याची फार लाज वाटली.

"काही सांगू नका, मेस्त्री," मी म्हणालो. "नुसते जाऊन तिच्याजवळ उभे राहा. पळा!"

रिसीव्हर तसाच लटकत राहिला असावा. चपलांचा आवाज दूर गेला. वाजंत्री ऐकू येत होती. आणि त्यातून एका मुलीचा रडवेला, रागावलेला आवाज आला:

"खंय होतास, बाबा? तुझ्यासाठी कधीपासून गाडी थांबवन ठेवलंय मी!"