पिंपांच्या कोठारातली आरती

कीर्तन कसं ऐकावं हे मला कुणी शिकवू नये! बुवा उभे राहिले, झांज वाजली, की आज पूर्वरंग किती लांबणार आणि पेटीवाला कुठे अडखळणार हे मी सतरंजीवर बसल्या बसल्या सांगते. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या दत्तमंदिरात चौतीस वर्षं पहिल्या रांगेत बसलेली बाई आहे मी! कीर्तन अर्धवट टाकून कधी उठले नाही. एकदा कुकर गॅसवर राहिला होता, तरी नाही. (डाळ गेली. कुकरही गेला.) आणि आरतीशिवाय तर नाहीच नाही. आरतीशिवाय कीर्तन म्हणजे सही-शिक्का नसलेला अर्ज. वर पोचतच नाही!

म्हणून माझ्या बटव्यात सगळं कायम तयार असतं. बोटभर पितळी आरती, कापराची डबी, बुक्क्याची पुडी, सुईदोरा आणि काड्यापेटी.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे, म्हणजे गजाननराव, कारखान्याच्या फायर सेक्शनमध्ये होते. गेटवर उभं राहून कामगारांच्या खिशातून बिड्या, लायटर आणि काड्यापेट्या काढून घ्यायच्या, हे यांचं काम. चौतीस वर्षांत कारखान्यात एकदाही आग लागली नाही. दुसरा कुणी असता तर छाती फुगवून सांगितलं असतं. हे मात्र सांगताना जरा उदास होतात. पॅड बांधून जन्मभर पॅव्हेलियनमध्ये बसवून ठेवलेल्या फलंदाजासारखे! दत्तमंदिरात आरती सुरू झाली की हे मागच्या दाराशी वाळूची बादली घेऊन उभे. मी आरती ओवाळणार आणि हे माझ्याकडे अशा नजरेनं बघणार, की ज्योत जरा हलली की बादली रिकामी!

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही लेकीकडे, कांचनकडे गेलो. जावई हेमंतराव कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर इंजिनिअर आहेत. बेटाचं नाव सांगत नाही, कारण त्यांची नोकरी अजून तिथंच आहे. ती टिकली कशी, हीच तर गोष्ट!

टाउनशिपमध्ये मी सगळ्यांना सांगितलं होतं, "जावई उसाच्या मळ्यावर असतात. तीनशे वर्षांचा जुना मळा, भोवती मोठी बाग!" मळा बघायला निघालो, तेव्हा गाडीत कांचन हळूच म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. त्या उसाची तिथं रम करतात."

"रम म्हणजे?"

"दारू," हे पुढच्या सीटवरून म्हणाले. "अत्यंत ज्वलनशील."

"अगं बाई! आणि लग्नात मी साखरेचा कारखाना म्हणून सांगितलं!"

"साखरेपासूनच करतात, आई," जावई कसनुसं हसत म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आज मालकीणबाई स्वतः आपल्याबरोबर फिरणार आहेत. सोमवारी मला कायम करायच्या कागदावर त्यांची सही व्हायचीय. तेव्हा तुम्ही फक्त... बघा. बाकी काही नको."

"अहो, मी काय करणार आहे?" मी म्हटलं. मनापासून म्हटलं हो!

बाग बघून मात्र माझा सगळा राग पळाला. दुतर्फा उंचच उंच ताडासारखी झाडं, जणू पालखीला चवऱ्या ढाळायला उभी! फणसाच्या चुलतभावासारखं एक थोरलं झाड, त्याला हिरवी गरगरीत फळं. आणि जास्वंद! लाल, गुलाबी, शेंदरी! कुंपणाला जास्वंद आणि एकही फूल देवाला वाहिलेलं नाही! माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. कांचन पुढे गेल्यावर मी अकरा फुलं खुडली. शेजारी एक पाटी होती खरी, पण ती इंग्रजीत होती, आणि चष्मा बटव्याच्या तळाशी होता.

तेवढ्यात आमचा वाटाड्या आला. डेझमंड त्याचं नाव. साडेसहा फूट उंच, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी. मागे आम्ही चौघं, पांढरी हॅट घातलेल्या सडसडीत मालकीणबाई आणि पंचवीस-तीस गोरे पर्यटक. डेझमंड बोलायला लागला, आणि वाचकहो, मी जागच्या जागी थांबले! एक वाक्य बोलायचा, मग तेच गाऊन दाखवायचा. प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांकडून उत्तर म्हणवून घ्यायचा. मधेच काठी पिंपावर वाजवून ताल धरायचा. मळ्यातल्या जुन्या घंटेपाशी आल्यावर त्यानं आवाज खाली आणला. कांचन माझ्या कानात सांगत होती: याची खापरपणजी इथं गुलाम होती. ही घंटा वाजली की पहाटे ऊस तोडायला जायची. ती जे गाणं म्हणायची, ते तो आता म्हणतोय.

शब्द कळत नव्हते, पण माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारची गोरी बाईही डोळे पुसत होती.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "हे कीर्तन आहे!"

"इथे बाहेर पडायचे मार्ग दोनच आहेत," हे म्हणाले.

एवढं ऐकवून डेझमंड पवनचक्कीच्या सावलीत पाणी प्यायला थांबला. आता कीर्तन ऐकणाऱ्या कुणालाही विचारा. पूर्वरंग संपला, बुवा थांबले, की काय करतात? हार घालतात! मी केव्हाच सुईदोऱ्यानं जास्वंदी ओवून ठेवल्या होत्या. पुढे झाले, टाचा उंचावून हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला.

डेझमंडनं हाराकडे बघितलं, टोपी काढली आणि दोन्ही हात छातीशी नेऊन माझ्यापुढे असा वाकला, की मला भरून आलं. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी तर कपाळं पुढे करून बुक्का लावून घेतला. मालकीणबाईंनी हारातली फुलं ओळखली असावीत, कारण त्यांची एक भुवई हॅटच्या आत गेली. जावयांना तर असा घाम फुटला होता, की टांगलेल्या चक्क्यासारखे ठिबकत होते!

"आई," कांचन दात आवळून म्हणाली, "आता काही नाही हं! शपथ घे!"

"आता उत्तररंग. उत्तररंगात काही करायचं नसतं. फक्त ऐकायचं."

उत्तररंग होता पिंपांच्या कोठारात. दारावर पहारेकरी. सगळ्यांनी मोबाइल, सिगारेटी, लायटर ट्रेमध्ये ठेवायचे. ते बघून ह्यांचा चेहरा असा उजळला, जसं सासरी दमलेल्या पोरीला माहेरचं माणूस दिसावं! पहारेकऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि सरळ झडत्याच घ्यायला लागले. "पीछे का जेब! मोजे में क्या है?" एका जर्मनाच्या मोज्यातून ह्यांनी खरंच लायटर काढला! पहारेकऱ्यानं सॅल्यूट ठोकला.

मग माझी पाळी आली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बटव्याकडे बघितलं आणि बाजूला झाले.

"हिला जाऊ द्या," म्हणाले. "बायकांची झडती पुरुषानं घ्यायची नाही. स्टँडिंग ऑर्डर आहे."

पहारेकऱ्यानं मला विचारलं, सिगारेट? लायटर?

"शिव शिव शिव! नो, नो!" मी म्हटलं. खोटं बोलले का? सांगा! काड्यापेटी असते ती बिडीची. माझ्याकडची देवाची होती.

आत गारवा आणि अंधार. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा, जणू मांडी घालून जपाला बसलेली मंडळी. गुळाच्या ढेपा वर्षभर कोंडून ठेवाव्यात तसा वास. डेझमंड गळ्यात हार तसाच ठेवून अगदी हळू बोलत होता. कांचन सांगत होती: या पिंपांत रम वर्षानुवर्षं ठेवतात. दर वर्षी त्यातली थोडी आपोआप हवेत उडून जाते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तो आधी जायचा, उरलेलं माणसांनी घ्यायचं.

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे नैवेद्य! तीनशे वर्षं हे लोक आधी देवाला दाखवतात आणि मग आपण घेतात! मी उगाच नाक मुरडलं होतं. डेझमंडनं टोपी काढली, मान खाली घातली आणि थांबला.

बुवा थांबले. नैवेद्य झाला. आता काय राहिलं?

कांचन पुढे होती. जावई मालकीणबाईंना काहीतरी समजावत होते. हे मागे दारं मोजत होते. मी बटवा उघडला, आरतीत कापूर ठेवला आणि काडी ओढली.

ज्योत काय सुंदर लागली! डेझमंडच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी एकदा ओवाळलं. त्याचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, भक्तीनं!

दुसऱ्यांदा ओवाळायला हात वर नेला, आणि छतावरून असा भोंगा वाजला, की जणू कारखान्याच्या तिन्ही पाळ्या एकदम सुटल्या! लाल दिवे फिरायला लागले. आणि वरून पाणी! सरी नव्हे, धबधबा! माझी ज्योत विझली, बुक्का ओघळला, मालकीणबाईंची हॅट पावसात राहिलेल्या पुरीसारखी मऊ पडली.

लोक ओरडत सैरावैरा धावणार, इतक्यात अंधारातून आवाज आला.

"कोई दौड़ेगा नहीं! लाइन से! बाएँ से बाहर!"

हे! माझे हे! खांदे मागे, हात वर, चौतीस वर्षांचा आवाज एका दमात बाहेर! हिंदी कुणालाच कळत नव्हतं, पण अवज्ञा करायची कुणाची हिंमत नव्हती. जर्मनानं तर चक्क टाचा जुळवल्या. फणसाच्या त्या चुलतभावाखाली सगळे रांगेत उभे. ह्यांनी दोनदा डोकी मोजली आणि घड्याळ बघितलं. "एक मिनिट चाळीस सेकंद," म्हणाले. मग माझ्या हातातल्या ओल्या आरतीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला.

"लीला," हे म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा अलार्म झाला. आणि तो तू?"

खरी भीती ह्यांची नव्हतीच. जावई चिंब भिजून उभे होते. चेहरा पांढराफटक. आणि मालकीणबाई ठिबकत त्यांच्याकडेच येत होत्या. परदेशात माझ्या पोरीचा संसार, आणि मी एका काडीनं जाळून बसले! मी पुढे झाले आणि मला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एका वाक्यात वापरलं.

"मॅडम, माय मिस्टेक. जावई गुड बॉय!"

मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग जावयांना काहीतरी विचारलं. जावई अडखळत बोलले. मग त्या हसल्या! आधी बारीक, मग इतक्या मोठ्यांदा, की झाडावरचे पक्षी उडाले.

कांचनही हसत-रडत सांगायला लागली, "आई, हा अलार्म आणि फवारे हेमंतनंच बसवलेत! वर्षभराचं काम. मालकीणबाईंना खात्रीच नव्हती वेळेवर चालतील म्हणून. पण खरी ज्योत आत नेऊन तपासायची कुणाची छाती होत नव्हती. म्हणूनच सही अडली होती. त्या म्हणतायत, एवढ्याशा ज्योतीला चार सेकंदांत चालले! सोमवार कशाला, आजच सही करते!"

"आणि बाहेर काढायचं काम?" ह्यांनी विचारलं.

"त्यांच्या शेवटच्या सरावाला अकरा मिनिटं लागली होती, बाबा."

मी पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. अंतरपाटापुढे नवरदेव उभा असतो तसे!

मग डेझमंड माझ्याजवळ आला. हार अजून गळ्यात, जास्वंदी पार लोळागोळा. त्यानं विझलेल्या आरतीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय," कांचन म्हणाली, "तुमचं ते पुरं व्हायचं राहिलं ना?"

बघा! बुवांना कळतं!

त्या झाडाखाली, कोठारापासून ह्यांनी पावलं मोजून ठरवलेल्या अंतरावर, पहारेकऱ्यानं आणून दिलेल्या कोरड्या काडीनं मी आरती पुरी केली. डेझमंडनं खापरपणजीचं गाणं पुन्हा म्हटलं. ओले पर्यटक रांगेनं आले, आम्ही दाखवलं तसं ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावून गेले. मालकीणबाईही आल्या. आणि माझ्या मागे हे उभे होते. हातात वाळूची बादली. तेवढ्यात कुठून पैदा केली, देव जाणे!

भोपाळला परतल्यावर मी मंडळात सगळं सांगितलं. जरा निवडून सांगितलं. "तिथं त्यांनी माझ्याकडून आरती करवून घेतली," असं. सुहासिनीताईंनी "भाग्य हो तुमचं!" म्हणून माझा हातसुद्धा दाबला.

परवा जावयांचा फोटो आला मोबाइलवर. कोठाराच्या दारावर नवी पाटी लागलीय. चार लाल गोल, चारींवर आडवी रेघ. पहिल्यात सिगारेट. दुसऱ्यात लायटर. तिसऱ्यात मोबाइल. आणि चौथ्यात पितळी आरती, कापराच्या ज्योतीसकट!

मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो माझ्याआधी ह्यांनीच टाकला. खाली लिहिलं, "आता बायकांचीही झडती."

चित्र तसं बरं काढलंय. फक्त आरती डाव्या हातात दाखवलीय. मी कधीच डाव्या हातानं ओवाळत नाही हो!