प्लॉट नंबर चौदावरचे मुळेसाहेब

मुळेसाहेबांनी पहिल्या दिवशी मला माझं नाव विचारलं नाही.

"आईचं माहेर कुठलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

नवरा अपघातात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला कारकुनाची नोकरी मिळाली. ऑर्डरचा कागद हातात धरून मी जमिनींच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत उभी होते. म्हटलं, "फुलंब्रीजवळचं."

"आईच्या आईचं?"

"सिल्लोडकडचं."

"तिच्या आईचं?"

"ते नाही ठाऊक, सर."

"विचारून या. किती वर्षं जगली तेही विचारा."

मी रात्री आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पणजी ब्याण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत डोक्यावरून पाणी आणायची. मुळेसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्ही टिकाल."

ऑफिसात बाकी सगळ्यांचा अंदाज होता की ही बाई दोन महिन्यांत रडत घरी जाणार. मी टिकेन असं म्हणणारा तो एकटा माणूस, आणि तोही माझ्या पणजीच्या भरवशावर.

मुळेसाहेब रेकॉर्ड सांभाळायचे. निजामाच्या काळातले उर्दू कागद, जुने मोडीतले, सगळं घडाघडा वाचायचे. पण त्यांचा जीव या कागदांत नव्हता. त्यांच्या टेबलाखाली लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता असायचा. त्यात चौदा रजिस्टरं, आणि त्या रजिस्टरांत शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी. थेट विलायतेतल्या पहिल्या घोड्यांपासून. सगळी इंग्रजी नावं देवनागरीत, झकास वळणदार अक्षरात, लाल शाईत नर आणि निळ्या शाईत मादी.

हे वेड लागलं कसं, तर शहागंजात रद्दीच्या दुकानात. कुणा जुन्या जहागीरदाराच्या घरातून घोड्यांच्या वंशावळीचे जाडजूड ग्रंथ रद्दीत आले होते. मुळेसाहेब पुड्यांसाठी कागद विकत घ्यायला गेले आणि ग्रंथ घेऊन आले. त्यांच्या आजोबांपर्यंत घराण्यात पैठणला यजमानांच्या वंशावळी लिहायचं काम होतं. "रक्तातच होतं," ते म्हणायचे. "यजमान तेवढे बदलले."

त्यांचं एक पालुपद होतं, "आईकडून बघा!" बापाचं नाव कुणीही मिरवतं, खरा माल आईच्या बाजूनं येतो, असा सिद्धांत. नवीन साहेब बदलून आले, की सगळे त्यांचा स्वभाव, खाणंपिणं याची चौकशी करायचे. मुळेसाहेब साहेबांच्या आजोळची करायचे. आंबा चाखला तरी विचारायचे, "कलम कुठल्या झाडाचं?"

आणि हा माणूस घोड्यांना भयंकर घाबरायचा. लग्नाची वरात आली, की नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत हे मंडपाच्या खांबामागं. तिथूनच मला हळूच सांगायचे, "काठेवाडी आहे. कान बघा कान." एवढ्या घोड्यांच्या खापरपणज्या पाठ असलेल्या माणसानं आयुष्यात एकाही घोड्याला हात लावलेला नव्हता.

मग एके दिवशी हमीदमियाँ आले. खुलताबादच्या पुढं त्यांची सीताफळाची बाग. रस्त्याच्या मोजणीत जमिनीचा एक तुकडा चुकीच्या नावावर लागला होता, म्हणून जुना फेरफार काढायला आले. पिशवीतून कागद काढता काढता एक भलताच कागद टेबलावर पडला. मुळेसाहेबांनी तो उचलला, वाचला आणि खुर्चीतून उठले.

"हे काय आहे?"

"ते घोडीचं आहे, साब. शबनम तिचं नाव. पुण्यात रेसला पळायची. पायानं अधू झाली म्हणून माझ्या चुलतभावानं माझ्याकडं धाडली. बागेत चरते बिचारी."

"बिचारी?" मुळेसाहेबांचा आवाज फुटला. "अहो, हिची चौथी आई, म्हणजे खापरपणजी, कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

हमीदमियाँ माझ्याकडं बघू लागले. त्यांचा फेरफार त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या दिवशी मी शोधून दिला. मुळेसाहेब आठवडाभर बस्ता उघडून बसले होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. घोडीत वेग आहे, दम नाही. दम हवा तर पुण्याकडच्या एका फार्मवरचा अमुक नर. त्याच्याकडं कुणीही घोडी पाठवत नव्हतं, कारण तो स्वतः एकही मोठी शर्यत जिंकला नव्हता.

"मग त्याच्यात काय बघितलं तुम्ही?" हमीदमियाँनी विचारलं.

"आईकडून बघा!"

हमीदमियाँना ते पटलं की ते मुळेसाहेबांपुढं थकले, कोण जाणे. घोडी ट्रकमधून गेली आणि परत आली. अकरा महिन्यांनी, ऐन फेब्रुवारीत, तिला शिंगरू झालं. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी. आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला.

तो उन्हाळा आठवला की अजून घसा कोरडा पडतो. शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. मार्चातच हमीदमियाँची विहीर आटली. सीताफळाची झाडं वाळायला लागली. शहर तिकडं सरकत होतंच. प्लॉट पाडणारे लोक रोज दारात. घोड्या वरातीसाठी न्यायला एक जण तयार होता. हमीदमियाँ ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मुळेसाब, माणसाला पाणी नाही. जनावराला कुठून आणू? देऊन टाकतो."

मुळेसाहेबांनी बस्ता बांधून टेबलाखाली सरकवला. मग म्हणाले, "माझ्या प्लॉटवर आणा."

पडेगावच्या पुढं नवीन कॉलनी होत होती. तिथं प्लॉट नंबर चौदा त्यांचा. घराचं जोतं घातलेलं, सहा कॉलम उभे, वरच्या सळया गंजलेल्या आणि कोपऱ्यात एक बोअर, पाणी असलेला. त्यांची बायको होती तेव्हा तिनं हट्टानं आधी बोअर पाडून घेतला होता. ती गेली आणि घराचं काम जोत्यावरच थांबलं. हे स्वतः औरंगपुऱ्यात एका भाड्याच्या खोलीत राहायचे. आमचं पत्र्याचं घर प्लॉट नंबर सोळाला. त्यामुळं पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

कॉलमांच्या मध्ये ताडपत्री बांधली. हमीदमियाँ खाट टाकून तिथंच राहिले. जिथं हॉल व्हायचा तिथं शबनम उभी आणि स्वयंपाकघराच्या जागेत शिंगरू उड्या मारायचं. मुळेसाहेब रोज ऑफिस सुटल्यावर लसूणघासाचा भारा लुनावर बांधून यायचे, रस्त्याच्या पलीकडं गाडी लावायचे आणि तिथूनच ओरडायचे, "हमीदमियाँ, आज पोट कसं आहे?"

"माझं की तिचं?"

"तिचं हो!"

कॉलनीत बोभाटा झाला. लिदीचा वास येतो म्हणून कुणीतरी अर्ज केला. मुळेसाहेबांनी त्याला चार पानी उत्तर लिहिलं. अर्ज करणाऱ्याचं तोंड त्यानं बंद झालं नाही. बोअरमुळं झालं. कारण मुळेसाहेबांनी सांगून टाकलं होतं, सकाळी सहा ते आठ कॉलनीनं पाणी भरायचं, त्यानंतर घोडीनं. एकदा शबनम तहानेनं खूर आपटत होती आणि हमीदमियाँ बादली घेऊन पुढं झाले, तर हे रस्त्यापलीकडून म्हणाले, "रांग आहे, मियाँ. आधी घरं."

माझ्या सासूबाई त्या रांगेत पहिल्या असायच्या. हंडा भरला, की शिंगराकडं बघून म्हणायच्या, "लई गुणाची हाय. हिच्या पायगुणानं पाणी हाय बरं का."

एकदा मात्र त्या शिंगरानं कहर केला. मुळेसाहेबांनी बस्ता आमच्या कुंपणावर ठेवला होता. शिंगरू सुटलं आणि त्यानं एका रजिस्टरची दोन पानं चावून गिळली. मुळेसाहेब लांबून बघत होते. मला वाटलं, आता यांना झटका येणार. हमीदमियाँनी शिंगराला धरून नेल्यावर त्यांनी रजिस्टर चाळलं, कोणती पानं गेली ते बघितलं आणि म्हणाले, "स्वतःचीच खापरपणजी खाल्ली. जाऊ द्या. घरचंच आहे."

मेच्या मध्यावर बोअर फुर्रफुर्र करू लागला आणि एका सकाळी नुसती हवा आली. रांगेतले हंडे तसेच राहिले. हमीदमियाँनी ताडपत्री सोडायला सुरुवात केली. मुळेसाहेब त्या दिवशी ऑफिसला आले नाहीत. दुपारी सासूबाईंचा फोन आला, बोअर खोल करायची गाडी प्लॉटवर उभी आहे. मी धावत गेले.

"सर, पैसे?"

"स्लॅबचे ठेवले होते."

"मग घर?"

"स्लॅब तहानेनं मरत नाही, जाधवबाई."

संध्याकाळी मातकट पाण्याची धार वर आली. सासूबाईंनी कुठून तरी नारळ आणून फोडला. आजही माझ्या माठातलं पाणी मी पिते तेव्हा मला त्या धारेची आठवण होते. आम्ही त्या उन्हाळ्यात गाव सोडून गेलो नाही, ते त्या माणसामुळं.

पाऊस झाला, घोड्या खुलताबादला परत गेल्या. शिंगराच्या नावाचा फॉर्म भरायचा होता. तीस वर्षांत एका अक्षराची चूक न केलेल्या मुळेसाहेबांचं त्या दिवशी चुकलं. त्यांनी नावाच्या रकान्यात पत्ता लिहायला घेतला. "मुक्काम पोस्ट" एवढं लिहून झाल्यावर चूक लक्षात आली. दुसरा फॉर्म नव्हता. हमीदमियाँ हसून म्हणाले, "रहने दो, मुळेसाब. अच्छा नाम है. घर कहाँ है, भूलेगी नहीं."

तर मुक्काम पोस्ट पुण्याला गेली. तिथल्या एका ट्रेनरनं ती सांभाळायला घेतली आणि तीन वर्षांची झाल्यावर ती पळू लागली. पहिली शर्यत हरली, पुढच्या दोन जिंकली. आणि सीझनच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत तिचं नाव आलं, तेव्हा वर्तमानपत्रात छापलं की हिच्यावर लक्ष ठेवा. मुळेसाहेब तोवर रिटायर झाले होते. ते कात्रण घेऊन ऑफिसात आले आणि शिपायासकट सगळ्यांना दाखवलं.

हमीदमियाँ, मुळेसाहेब आणि मी, तिघं पुण्याला गेलो. मुळेसाहेबांनी लग्नातला कोट घातला होता. बस्ता सोबत. आमच्या आजूबाजूला टोपीवाले, दुर्बीणवाले लोक. शर्यत सुटली. मुक्काम पोस्ट मागून चौथी. मी डोळे मिटले. मुळेसाहेबांनी डोळे मिटले नाहीत, पण ते जोरात बोलू लागले.

"काही नाही, हे बापाचं चाललंय. थांबा. आता वळण... आता आजी! बघा, आजी लागली कामाला! आता पणजी! पणजी, चल! चल गं बाई!"

पुढच्या रांगेतल्या बायका वळून वळून बघत होत्या. एका बाईला वाटलं, त्यांची खरीच पणजी कुठं हरवली आहे. आणि खरोखर, शेवटच्या टप्प्यात ती तांबडी घोडी एकेकाला मागं टाकत पुढं आली. हमीदमियाँ "या अल्ला, या अल्ला" म्हणत माझाच हात दाबत होते. एका मानेच्या फरकानं ती दुसरी आली. जिंकणारा घोडा फार मोठ्या घराचा होता. आम्ही तिघं जिंकल्यासारखे रडलो.

नंतर एक सुटाबुटातले गृहस्थ चौकशी करत आले. हिच्या आईला हा नर लावायचं कुणी ठरवलं? हमीदमियाँनी बोट दाखवलं. मुळेसाहेब चक्क माझ्या मागं सरकले.

"आपला स्टड फार्म कुठं आहे?" गृहस्थांनी आदरानं विचारलं.

"प्लॉट नंबर चौदा," मुळेसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून दुपारी परत आलो. हमीदमियाँ खुलताबादच्या गाडीत बसले. घरचे वाट बघत होते, नातवंडांचे सारखे फोन येत होते. मी रिक्षा थांबवली. मुळेसाहेब बसस्टँडच्या पायरीवर बस्ता घेऊन तसेच उभे.

"सर, औरंगपुऱ्याला सोडू का?"

"जाधवबाई," ते चाचरत म्हणाले, "सासूबाई घरी असतील का?"

"असतील की. का?"

"नाही, म्हणजे... इतकं मोठं झालं. आता खोलीवर जाऊन कुलूप काढायचं. सांगायचं कुणाला?"

मला एकदम कळलं की इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, सर, तुमच्या घरी कोण असतं? सगळ्या गावाच्या आयांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या माणसाला कुणीच काही विचारलं नव्हतं.

मी त्यांना घरी आणलं. सासूबाईंनी पाट मांडला, भाकरी आणि ठेचा वाढला आणि समोर बसल्या. मुळेसाहेबांनी कोट न काढताच सुरुवात केली. घोडी कशी सुटली, कशी मागं पडली, वळणावर काय झालं. ताटातल्या कांद्याच्या फोडींचे घोडे करून दाखवले. सासूबाई प्रत्येक वाक्याला म्हणायच्या, "व्हय? मंग?" शर्यत संपली. भाकरी गार झाली होती. मुळेसाहेब पाणी प्यायले, त्यांनी बस्ता उचलला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

"उद्या बी या, साहेब," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला ते शेवटचं काय नीट ऐकू आलं नाय."

मुळेसाहेबांचा चेहरा उजळला. "येतो, येतो. सविस्तर सांगतो."

माझ्या सासूबाईंना चार घरं सोडून वाजलेली कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि ती कितवी तेही सांगता येतं. दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्यांचं पीठ जास्त मळलं.